घरून काम आणि संस्थेची घडी : एका ब्रिटिश संगणक-कंपनीच्या इतिहासाच्या आधारे

१

मार्च २०२० मध्ये कोविडच्या साथीमुळे देशव्यापी टाळेबंदी जाहीर झाली आणि पुणे, मुंबई, बंगळूरु, हैदराबाद इत्यादी शहरांतील असंख्य कर्मचारी काही दिवसांच्या आतच आपापल्या घरी बसून कचेरीचे काम करू लागले. हा पालट इतक्या त्वरेने घडून आला की, त्याचे श्रेय सामान्यतः यंत्रांना दिले जाते. सुटसुटीत संगणक, वेगवान इंटरनेट आणि दूरचित्रसंवादाची साधने हाताशी होती, म्हणून घरून काम शक्य झाले, असा समज रूढ झाला आहे. हा समज सर्वस्वी चुकीचा नाही. परंतु तो अपुरा आहे. त्याच यंत्रांच्या साहाय्याने काही संस्थांचे काम सुरळीत चालले आणि काहींचे विस्कळित झाले, याचा उलगडा यंत्रांवरून होत नाही.

या प्रश्नाचा विचार करताना १९६२ साली इंग्लंडमध्ये सुरू झालेल्या एका लहानशा कंपनीचा इतिहास विशेष उद्बोधक ठरतो. त्या कंपनीजवळ आरंभी स्वतःचा संगणक नव्हता, इंटरनेटचा तर तेव्हा जन्मही झालेला नव्हता. तरीही घरी बसलेल्या प्रोग्रॅमरांकडून अत्यंत अवघड आज्ञावली तयार करून घेण्यात ती यशस्वी झाली. हे यश तिने कामाची रीत बदलून मिळविले. कर्मचारी आणि संस्था यांच्यामध्ये अंतर पडले म्हणजे त्या अंतराचा भार कोणीतरी उचलावाच लागतो. तो भार संस्थेने स्वतःच्या व्यवस्थेत सामावून घेतला, तर दूरस्थ काम टिकते. तो केवळ कर्मचाऱ्यांवर लोटला, तर काम चालले तरी त्याची किंमत दुर्बळांना मोजावी लागते. हे सूत्र मनाशी धरून पुढील विवेचन वाचावे.

२

घरी बसून दुसऱ्याचे काम करण्याची पद्धत कारखान्यांहून जुनी आहे. इंग्लंडमध्ये यंत्रयुगापूर्वी लोकरीचे व्यापारी कच्चा माल खेड्यांतील घरोघर पोहोचवीत आणि कातलेले सूत किंवा विणलेले कापड परत घेऊन नगावर मजुरी देत. या पद्धतीत मालक कामाच्या वेळी हजर नसे. म्हणून मालाची चोरी होते, अशी त्याची सततची तक्रार असे. तिच्यावर व्यापाऱ्यांनी शोधलेला उपाय ध्यानात घेण्याजोगा आहे. १७७७ साली पार्लमेंटने केलेल्या कायद्यान्वये यॉर्कशर, लँकेशर व चेशर या परगण्यांत लोकरीच्या व्यवसायासाठी खास निरीक्षक नेमण्याची तरतूद झाली. कामाची रीत पूर्वीचीच राहिली. मध्ये पडलेले अंतर पाळत ठेवून भरून काढण्याचा प्रयत्न झाला.

महाराष्ट्रातील विडीधंद्याचा इतिहास याहून फारसा निराळा नाही. सिन्नर, संगमनेर, सोलापूर या भागांत हजारो स्त्रियांनी टेंभुर्णीची पाने व तंबाखू घरी नेऊन विड्या वळल्या. हजारी विड्यांमागे मजुरीचा दर ठरलेला असे. परंतु वळलेल्या विड्यांपैकी चांगल्या कोणत्या व टाकाऊ कोणत्या, याचा निर्णय घेण्याचा अधिकार दुसऱ्या बाजूकडे असे. खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांची मजुरी बुडे. जागा, उजेड, घरातील इतरांची मदत, पाने कमी पडल्यास होणारी तूट, हा सारा भार कामकरी स्त्रीच्या शिरावर असे. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी काम करणाऱ्यांचाही कामगारांत समावेश केला, तो याच अनुभवातून. घरून काम म्हणजे आपोआप स्वातंत्र्य, ही कल्पना या इतिहासापुढे टिकत नाही.

दुसरी परंपरा कागदाची आहे. ईस्ट इंडिया कंपनीचे संचालक लंडनला आणि तिचा कारभार हिंदुस्थानात, अशी स्थिती दीर्घकाळ होती. केपच्या वळशाने पत्र पोहोचण्यास पाच-सहा महिने लागत. म्हणून कंपनीने लेखनाची एक कठोर शिस्त निर्माण केली. पत्रांतील परिच्छेदांना क्रमांक देण्यात येत आणि उत्तरही त्याच क्रमाने लिहिण्यात येई. एकाच पत्राच्या प्रती वेगवेगळ्या गलबतांनी रवाना होत. निर्णयाबरोबर त्याची कारणेही दप्तरात नोंदली जात. जॉन स्टुअर्ट मिल याने १८२३ ते १८५८ अशी पस्तीस वर्षे कंपनीच्या लंडन येथील कचेरीत नोकरी केली, आणि हिंदुस्थान एकदाही न पाहता येथील संस्थानांविषयीचे खलिते लिहिले. या व्यवस्थेचे सामर्थ्य यात दिसते, तसेच तिचे वैगुण्यही दिसते. जे कागदावर आले नाही किंवा विपरीत आले, त्याला लंडनमध्ये अस्तित्वच नसे. १८३९ साली पदच्युत झालेल्या साताऱ्याच्या प्रतापसिंह छत्रपतींची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते यांना स्वतः विलायतेस जाऊन तेथे वर्षानुवर्षे राहावे लागले, आणि तरीही त्यांना यश आले नाही.

सारांश, विसाव्या शतकाला दूरस्थ कामाची दोन साधने वारशाने मिळाली होती. नगावर मोजमाप हे एक आणि लेखी व्यवहार हे दुसरे. ही दोन्ही साधने नव्या रीतीने एकत्र आणण्याचे कार्य १९६२ नंतर घडले.

३

स्टेफनी शर्ली यांचा जन्म १९३३ साली जर्मनीतील डॉर्टमुंड येथे झाला. नाझी राजवटीतून ज्यू मुलांना वाचविण्यासाठी ज्या आगगाड्या इंग्लंडकडे निघाल्या, त्यांपैकी एकीतून त्या १९३९ साली, वयाच्या पाचव्या वर्षी, थोरल्या बहिणीसह तेथे पोहोचल्या. पुढे १९५१ पासून त्यांनी डॉलिस हिल येथील टपाल खात्याच्या संशोधनकेंद्रात नोकरी केली आणि सायंकाळच्या वर्गांना जाऊन गणिताची पदवी मिळविली. तो काळ स्त्रियांच्या नोकरीस अनुकूल नव्हता. ब्रिटनच्या सनदी सेवेत विवाहित स्त्रियांना असलेली बंदी १९४६ साली उठली होती. परंतु समान वेतनाची योजना १९५५ साली मान्य होऊन ती पूर्णपणे अमलात येण्यास १९६१ साल उजाडले. कायदा बदलला तरी प्रघात राहिला. मूल झाले की स्त्रीने काम सोडावे, अशीच समाजाची अपेक्षा होती.

यातून एक विचित्र परिस्थिती उद्भवली. संगणकाचा प्रसार होऊ लागला होता व प्रोग्रॅमरांची तीव्र उणीव भासत होती. आणि त्याच वेळी ज्या स्त्रियांनी हे दुर्मिळ कौशल्य आत्मसात केले होते, त्या विवाहानंतर घरी बसत होत्या. ही विसंगती शर्ली यांनी हेरली. १९६२ साली सहा पौंडांच्या भांडवलावर, आपल्या घरातूनच, त्यांनी ‘फ्रीलान्स प्रोग्रॅमर्स’ ही संस्था सुरू केली. तिच्या पहिल्या तीनशे कर्मचाऱ्यांपैकी २९७ स्त्रिया होत्या. काम मागण्यास येणाऱ्या उमेदवाराला घरी टेलिफोन वापरावयास मिळतो काय, हा प्रश्न प्रथम विचारण्यात येई, कारण तेवढेच साधन अपरिहार्य होते.

त्या काळी आज्ञावली कशी लिहिली जाई, हे येथे समजून घेतले पाहिजे. संगणक अतिशय महाग होता व त्यावर वेळ मिळणे कठीण असे. प्रोग्रॅमर प्रथम कागद-पेन्सिल घेऊन कामाचा ओघतक्ता काढी; मग त्यावरून यंत्राच्या भाषेतील आज्ञा लिहून काढी. ते कागद टपालाने संगणककेंद्राकडे जात. तेथे त्यांवरून कागदी फितीवर अथवा पत्त्यांवर छिद्रे पाडली जात, पडताळ्यासाठी ती पुन्हा पाडली जात, आणि त्यानंतरच काम संगणकापर्यंत पोहोचे. म्हणजे कचेरीत बसणारा प्रोग्रॅमरदेखील बहुतेक वेळ यंत्रापासून दूरच असे. त्याचे खरे काम विचार करण्याचे व लिहिण्याचे होते. ते स्वयंपाकघरातील मेजावरही होऊ शकते, हे शर्ली यांनी ओळखले. यंत्र घरात आल्यामुळे नव्हे, तर काम यंत्रापासून वेगळे करता येण्याजोगे असल्यामुळे हा उपक्रम शक्य झाला.

४

तथापि शक्यता असणे आणि यश मिळणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. हे यश ज्या बदलांमुळे लाभले, त्यांपैकी तीन प्रमुख होत.

पहिला बदल मोजमापाचा. कचेरीत माणूस किती तास बसला, यावरून त्याच्या कामाचा अंदाज बांधण्याची रीत येथे निरुपयोगी होती. कंपनीने कित्येक कामांची किंमत ग्राहकाला आगाऊ सांगून काम पुरे करून देण्याची पद्धत स्वीकारली. असे करावयाचे तर प्रत्येक कामाचे लहान लहान भाग पाडणे, प्रत्येक भागास किती श्रम लागतील याचा अंदाज करणे आणि मागील अंदाज कितपत खरे ठरले हे तपासणे आवश्यक झाले. अंदाज चुकला तर तोटा कंपनीला सोसावा लागे. विडीधंद्यातील नगावरच्या मजुरीशी याचे वरवर साम्य दिसते. पण भेद मूलभूत आहे. तेथे चुकीचे ओझे कामकरी स्त्रीवर पडे. येथे ते प्रथम संस्थेवर पडू लागले, आणि म्हणून अचूक नियोजन शिकणे संस्थेला भाग पडले.

दुसरा बदल लेखनाचा. शेजारच्या टेबलाकडे वळून शंका विचारण्याची सोय नसल्यामुळे काय करावयाचे, कोणत्या क्रमाने करावयाचे, काय तपासून पाहावयाचे, हे सारे आधीच लिहून ठेवणे प्राप्त झाले. एकीने अर्धवट सोडलेले काम दुसरीला कागदावरून उचलता आले पाहिजे, ही कसोटी होती. कारण मूल आजारी पडणे किंवा बाळंतपण येणे या गोष्टी अपवादात्मक न मानता त्या घडणारच, असे गृहीत धरावे लागे. आरंभीच्या कामांपैकी एक, संगणकाच्या कामावर नियंत्रण ठेवण्याचे प्रमाणित नियम तयार करण्याचे होते. हे नियम पुढे नाटो या संघटनेने स्वीकारले. घरी विखुरलेल्या स्त्रियांना जी शिस्त गरजेपोटी अंगी बाणवावी लागली, ती सैनिकी संघटनेलाही उपयुक्त वाटली, ही गोष्ट बोलकी आहे.

तिसरा बदल देखरेखीचा. १७७७ च्या कायद्याने निरीक्षक नेमले होते. या कंपनीने विश्वास आणि तपासणी यांची निराळी सांगड घातली. व्यक्तीवर पाळत ठेवावयाची नाही. तिने तयार केलेले काम मात्र बारकाईने तपासावयाचे, असे धोरण होते. काम केव्हा करावयाचे हे जिचे तिने ठरवावे; ते केव्हा हाती पडावे, हे आधी ठरलेले असावे. कॉन्कॉर्ड या ध्वनीहून वेगवान विमानाच्या उड्डाणनोंदणी यंत्रासंबंधीची आज्ञावली अ‍ॅन मोफॅट यांच्या नेतृत्वाखाली याच रीतीने, घरोघरच्या मेजांवर, तयार झाली. जेथे चूक होऊन चालणार नाही अशा कामात ही पद्धत टिकली, हा तिच्या यशाचा सबळ पुरावा मानावा लागेल.

५

या यशाला एक दुखरी बाजू होती. कंपनीने आपली रीत बदलली, पण ग्राहकांची दृष्टी बदललेली नव्हती. ग्राहकांना पाठविलेल्या पत्रांवर ‘स्टेफनी शर्ली’ अशी सही असताना उत्तरेच येत नसत; ‘स्टीव्ह’ अशी पुरुषी नावाची सही सुरू झाल्यावर दारे उघडू लागली. टेलिफोनवर बोलताना घरातील मुलाचा आवाज पलीकडे ऐकू जाऊ नये, म्हणून टंकलेखन यंत्राच्या खडखडाटाचे ध्वनिमुद्रण पार्श्वभूमीला लावून ठेवण्यात येई. घरून काम उत्तम होते, हे सिद्ध करणाऱ्या कंपनीला आपण घरी आहोत हेच लपवावे लागत होते. १९७५ साली ब्रिटनमध्ये लिंगभेदविरोधी कायदा झाला, तेव्हा स्त्रियांना प्राधान्य देण्याचे कंपनीचे मूळ धोरणच बेकायदेशीर ठरले आणि पुरुषांना समान संधी देणे तिला क्रमप्राप्त झाले.

दुसरी मर्यादा आर्थिक सुरक्षिततेची होती. नावाप्रमाणेच यांतील बहुसंख्य स्त्रिया स्वतंत्रपणे काम करणाऱ्या होत्या. काम असेल तेव्हा मोबदला मिळे, नसेल तेव्हा नाही. वेळेचे स्वातंत्र्य आणि उत्पन्नाची अनिश्चितता ही एकाच व्यवस्थेची दोन अंगे होती. ही उणीव काही अंशी मालकीच्या वाटणीने भरून निघाली. कंपनीचा एक चतुर्थांश हिस्सा कर्मचाऱ्यांच्या हाती देण्यास शर्ली यांना अकरा वर्षे लागली. पुढे हा हिस्सा वाढत गेला, आणि कंपनी भांडवलबाजारात उतरल्यावर सत्तर कर्मचारी लक्षाधीश झाले. अंतराचा भार ज्यांनी वाहिला, त्यांना लाभातही वाटा मिळाला, असे उदाहरण घरगुती उद्योगाच्या इतिहासात विरळा आढळते.

या कंपनीचा पुढील प्रवास महाराष्ट्रापर्यंत येऊन पोहोचतो. १९७४ नंतर ‘एफ इंटरनॅशनल’, मग ‘एफआय ग्रुप’ आणि २००१ मध्ये ‘झान्सा’ अशी तिची नावे बदलत गेली. १९९७ मध्ये तिने एका भारतीय संगणक-कंपनीत प्रवेश मिळविला, आणि कालांतराने नोएडा, चेन्नई व पुणे येथील कचेऱ्यांतून ब्रिटिश ग्राहकांची कामे होऊ लागली. २००७ साली ‘स्टेरिया’ या फ्रेंच कंपनीने ती विकत घेतली. काम माणसाच्या घरी नेण्यासाठी जन्मलेल्या संस्थेचे काम अखेरीस दुसऱ्या खंडातील कचेऱ्यांत जाऊन पोहोचले. अंतर पूर्वी घर आणि कचेरी यांमध्ये होते, ते आता दोन देशांमध्ये आले. परंतु ज्या आधारावर पुण्यातील प्रोग्रॅमर लंडनचे काम करू शकला, तो आधार म्हणजे लेखी अपेक्षा, कामाचे भाग आणि तपासणीचे ठरलेले टप्पे, हा त्याच जुन्या शिस्तीचा विस्तार होता.

६

कामाची रीत न बदलता केवळ जागा बदलली असता काय होते, याचीही उदाहरणे उपलब्ध आहेत. अमेरिकेत जॅक नाइल्स यांनी १९७३ च्या सुमारास दूरसंपर्काच्या साहाय्याने कामाची ने-आण करण्याची कल्पना मांडली आणि लॉस एंजेलिसमधील एका विमाकंपनीत तिचा प्रयोग केला. कर्मचाऱ्यांना त्यांच्या घराजवळच्या उपकेंद्रांतून काम देण्यात आले. प्रयोगाचे फळ चांगले आले, तरी कंपनीने तो पुढे चालविला नाही. आयबीएमने २००९ साली आपल्या ३,८६,००० कर्मचाऱ्यांपैकी सुमारे ४० टक्क्यांना ठरावीक कचेरीच नसल्याचे अभिमानाने सांगितले होते. त्याच कंपनीने २०१७ साली अनेकांना पुन्हा कचेरीत बोलाविले. या काळात यंत्रे सतत सुधारतच होती; तेव्हा या माघारीचे कारण यंत्रांत शोधणे व्यर्थ आहे.

या संदर्भात चीनमधील सीट्रिप या प्रवासकंपनीत २०१० च्या अखेरीस सुरू झालेला प्रयोग फार महत्त्वाचा आहे. स्वेच्छेने पुढे आलेल्या कर्मचाऱ्यांपैकी सम तारखेस जन्मलेल्यांना आठवड्यातून चार दिवस घरून काम देण्यात आले व विषम तारखेस जन्मलेल्यांना कचेरीतच ठेवण्यात आले. नऊ महिन्यांनंतर घरून काम करणाऱ्यांचे काम १३ टक्क्यांनी वाढलेले आढळले आणि त्यांच्यात नोकरी सोडण्याचे प्रमाण निम्म्यावर आले. परंतु याच अभ्यासातील दुसरा निष्कर्ष अधिक विचार करावयास लावणारा आहे. काम सारखेच चांगले असूनही घरी असणाऱ्यांना बढती मिळण्याचे प्रमाण घटले. कामाची मोजणी बदलली होती, पण बढती देण्याची रीत जुनीच राहिली होती. ती डोळ्यांसमोर असणाऱ्यालाच ओळखत होती. अंतराचा भार पुन्हा कर्मचाऱ्यावरच पडला.

भारतात २०२० साली जे घडले त्यातही नियमांचा भाग मोठा होता. परदेशी ग्राहकांची सेवा करणाऱ्या केंद्रांना लागू असलेल्या दूरसंचार विभागाच्या नियमांत घरून काम देण्यावर कडक अटी होत्या. मार्च २०२० मध्ये त्या तात्पुरत्या शिथिल करण्यात आल्या, आणि ५ नोव्हेंबर २०२० च्या नव्या मार्गदर्शक तत्त्वांनी त्यांपैकी बहुतेक काढून टाकण्यात आल्या. संगणक व जोडणी ही साधने त्याआधीही होती. वाट अडली होती ती कागदावरच्या अटींमुळे.

७

स्टेफनी शर्ली यांचे २०२५ साली निधन झाले. तोपर्यंत त्यांच्या मूळ कल्पनेची नवलाई संपली होती, आणि घरून काम ही जगभर वादाची व वाटाघाटीची नित्य बाब बनली होती. या वाटाघाटीत बहुधा एकच प्रश्न पुढे येतो : आठवड्यातून कचेरीत किती दिवस यावे? इतिहासाच्या दृष्टीने हा प्रश्न दुय्यम आहे. त्याआधी संस्थेने स्वतःस काही प्रश्न विचारले पाहिजेत. कामाचा अंदाज चुकल्यास तोटा कोणी सोसावा? शेजारी न बसणाऱ्याला कळेल, इतके स्पष्ट लिहून ठेवण्याची सवय वरिष्ठांना आहे काय? आणि जो समोर दिसत नाही, त्याच्या गुणांची नोंद बढतीच्या वेळी कोणत्या कागदावरून घेतली जाते?

सिन्नरच्या विडीकामगार स्त्रीच्या वाट्याला या प्रश्नांची न्याय्य उत्तरे यावीत, म्हणून कायदा करावा लागला. १९६२ च्या कंपनीने त्यांपैकी काहींची उत्तरे स्वतःच्या व्यवहारातून शोधली, काही तिला अखेरपर्यंत सापडली नाहीत. घरून काम करण्याची मुभा मिळाली, तरी ज्यांच्या घरात लहान मुले, वृद्ध आणि आजारी माणसे आहेत, अशांच्या, म्हणजे बहुतांशी स्त्रियांच्या, पदरी या मुभेतून लाभ पडतो की भार, हे त्या उत्तरांवरच अवलंबून राहणार आहे.